शेजार नावाचा नकाशा

हे लिहायच्या आधी मी माझ्या दोन्ही वहिन्यांना विचारलं. धाकटी म्हणाली, "लिही की, त्यात काय." थोरली म्हणाली, "लिही. पण माझा हेवा आहे तेवढाच लिही. मला चांगलं दाखवायला म्हणून कमी करू नकोस."

कमी केलेला नाही.

जावाजावा, उभा दावा असं म्हणतात. पण दावा मांडायलाही दोघी लागतात. आमच्या घरी एकटी थोरलीच तो मांडून बसली होती. धाकटीला आपल्यावर दावा लागलाय याचा पत्ताच नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

थोरली वहिनी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नकाशे काढायची. खिडकीशी तिचं तिरपं टेबल, त्यावर ट्रेसिंगचा कागद ताणून बसवलेला, शाईची पेनं जाडीप्रमाणे ओळीनं लावलेली. कुठल्या रस्त्याखालून कुठला नळ जातो आणि कुठे वळतो, हे ती कागदावर उतरवायची. तिचा हात असा की पट्टीशिवाय ओढलेली तिची रेघ तपासायला पट्टी लावावी आणि पट्टीच वाकडी वाटावी. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा आम्ही बघतच राहिलो. फडताळातले डबे उंचीप्रमाणे उभे राहिले, चादरींच्या कडा जुळल्या, हरवलेल्या कात्र्या सापडल्या. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला फडताळ उघडून दाखवायची.

काही वर्षांनी धाकटी आली. हिच्या हातून दूध उतू जायचं, किल्ल्या हरवायच्या, चष्मा डोक्यावर ठेवून ती घरभर चष्मा शोधायची. तरीही ती खोलीत आली की घर तिच्याभोवती गोळा व्हायचं. आमचे बाबा जेवताना चकार शब्द बोलत नसत, ते हिच्या बोलण्यावर ठसका लागेपर्यंत हसायला लागले. थोरलीची मुलगी सायकल शिकली, तेव्हा ती बातमी सांगायला आईला ओलांडून आधी वर काकूकडे धावली. घरातल्या मांजराला दूध थोरली घालायची, झोपायला ते वर धाकटीकडे जायचं.

"मांजराचं मी समजू शकते," थोरली मला म्हणाली होती. "मांजराची जातच कृतघ्न. पण पोटच्या मुलीचं काय?"

माझ्या धाकट्या भावाचा वरच्या मजल्यावर, पुढच्या खोलीत, कॉम्प्युटरचा क्लास होता. धाकटी वहिनी तिथे प्रोग्रामिंग शिकवायची. तो काळ जाड काचेच्या मॉनिटरचा. क्लास सुटला तरी पोरं उठायची नाहीत, एक लढाईचा खेळ खेळत बसायची. पडद्यावर बोटाच्या पेरापेक्षा लहान माणसं लाकडं तोडायची, दगड फोडायची, घरं बांधायची. मग तटबंदी, मग सैन्य, आणि शेवटी पलीकडच्या राजाचं गाव जाळायचं की तुम्ही जिंकलात. त्या खेळासोबत नवे नकाशे बनवण्याचं साधनही मिळायचं. डोंगर, नद्या, जंगलं हवी तशी मांडायची आणि शत्रूला हुकूम भरून द्यायचे: केव्हा चालून यायचं, किती माणसांनिशी, कुठल्या वाटेनं.

शाळांसाठी पाढ्यांच्या आणि व्याकरणाच्या सीड्या काढणारा एक माणूस क्लासात यायचा. त्याच्या डोक्यात आलं की या खेळाचा एक एक्स्पान्शन पॅक काढावा, म्हणजे बारा नव्या नकाशांची सीडी. मूळ खेळ ज्याच्याकडे आहे त्यानं ती त्यावर चढवायची आणि पुढे खेळत राहायचं. मूळ खेळ बनवणाऱ्यांचा याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. 'बारा मुलुख' असं नावही त्यानं ठरवून टाकलं. नकाशे काढणार कोण, हा प्रश्न तेवढा राहिला. माझा भाऊ म्हणाला, आमच्या घरात नकाशे काढणारं माणूस आहे की. थोरलीनं जमीन काढावी, धाकटीनं हुकूम भरावेत.

थोरलीनं तोवर हा खेळ म्हणजे पोरांचं डोकं फिरवायचं यंत्र असं म्हणून बाजूला ठेवलेला होता. पण आलेखाच्या कागदावर पहिली नदी काढली आणि ती त्यात अडकलीच. मला म्हणाली, "इतकी वर्षं दुसऱ्यांनी सांगितलेल्या वाटेनं नळ नेले. नदी कुठून न्यायची ते मला पहिल्यांदाच कुणी विचारलं." कार्यालयातून आली की हातपाय धुऊन ती सरळ वर जायची. थोड्याच दिवसांत हुकूम भरायलाही शिकली आणि धाकटीची गरज उरली नाही. खिंडीचा नकाशा, बेटांचा, दलदलीचा, दोन नद्यांच्या मधला, असे एकापाठोपाठ एक अकरा नकाशे तिनं केले. प्रत्येक स्वतः खेळून पाहिला, कुठे पाणी चढाकडे वाहत नाही ना हे तपासलं. त्या दिवसांत थोरली गुणगुणत स्वयंपाक करायची. धाकटी तिला म्हणायची, "ताई, माझं काम तुम्ही खाल्लंत," आणि हसायची. थोरलीला ते हसणं आवडायचं नाही. आपण काम खाल्लं तर समोरच्याचं थोडं तरी पोट दुखावं, अशी तिची अपेक्षा होती.

बारावा नकाशा राहिला आणि तिला कावीळ झाली.

चांगलीच झाली. आधी इस्पितळ, मग घरी पडून राहणं. सीडीवाल्याला थांबायला वेळ नव्हता. धाकटी सकाळी क्लास घ्यायची, दुपारी इस्पितळात थोरलीच्या उशाशी बसायची, संध्याकाळी दोन्ही घरची पोरं सांभाळायची. या धावपळीत एका रिकाम्या तासाला तिनं बारावा नकाशा उरकला. मधे एक नदी, तिच्यावर एक पूल, अलीकडे आपलं गाव, पलीकडे शत्रूचं. नाव दिलं 'शेजार'. संपलं काम.

सीडी निघाली. वेष्टणावर दोघींची नावं होती, थोरलीचं आधी. तेव्हा त्या बाबतीत तिला बोलायला जागा नव्हती. थोडी खपली, बरीच परत आली, सीडीवाला पुन्हा व्याकरणाकडे वळला. उरलेली खोकी काही वर्षं जिन्याखाली राहिली आणि मग रद्दीवाल्याकडे गेली. पुढे क्लास बंद झाला, पोरं मोठी झाली, आई-बाबा गेले, थोरली निवृत्त झाली. 'बारा मुलुख' हा विषय आमच्या घरात कुणी काढत नसे.

मग गेल्या वर्षी थोरलीच्या मुलीनं परगावाहून एक लिंक पाठवली. तो जुना खेळ अजून खेळणाऱ्या लोकांचा एक फोरम होता, आणि तिथे 'बारा मुलुख'वर पानंच्या पानं लिहिलेली होती. आई, तुझं कौतुक चाललंय बघ, असं मुलीनं न वाचताच लिहिलं होतं.

थोरली चष्मा पुसून वाचायला बसली. मी तेव्हा तिच्याकडेच होते. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरत गेलेला मी पाहिला. लोक भरभरून लिहीत होते, पण सगळं 'शेजार'वर. एकानं लिहिलं होतं की तो पुलापाशी तट बांधत बसला, पहारे लावले, हल्ला आता येईल मग येईल म्हणून वाट पाहिली, आणि शेवटी कंटाळून पलीकडे डोकावला तर तिथली माणसं निवांत लाकडं तोडत होती. दुसऱ्यानं लिहिलं होतं, जिंकायचं तर आपणच पूल ओलांडून त्यांना मारायला हवं. मी ओलांडला नाही, आज इतक्या वर्षांनीही तो डाव तसाच ठेवलाय. एक बाई लिहीत होत्या की लढाईच्या खेळात आपल्याला स्वतःची लाज वाटली ती तेवढ्या एकाच वेळी.

खाली कुणीतरी एका ओळीत लिहिलं होतं: बाकीचे अकरा नकाशे नेटके आहेत.

"नेटके," थोरली म्हणाली. जन्मभर तिला हाच शब्द लोक कौतुकानं म्हणत आले होते. त्या दिवशी तिला तो शिवीसारखा लागला.

महिनाभरानं त्या फोरमवरचा एक माणूस घरी आला. पेशानं दातांचा डॉक्टर. लहानपणी त्यानं हा पॅक खेळला होता आणि आता तो आजच्या कॉम्प्युटरवर चालेल असा करून सगळ्यांना फुकट द्यायचं त्यानं मनावर घेतलं होतं. दार थोरलीनं उघडलं.

"आपणच का त्या शेजारवाल्या?" त्यानं विचारलं.

"ती वर राहते," थोरली म्हणाली. "मी नेटक्या अकरांची."

त्याला ते कळलं नाही. तो जिना चढून वर गेला, आणि थोरली त्याच्यामागून चहाचा ट्रे घेऊन. धाकटीनं खुर्चीवरचे कपडे उचलून पलंगावर टाकले आणि त्याला बसवलं. त्यानं विचारलं, शत्रूनं चालूनच यायचं नाही, ही कल्पना सुचली कशी?

"सुचली कुठे?" धाकटी म्हणाली. "हुकूम भरायचे राहून गेले. तेव्हा ताई आजारी होत्या, माझी नुसती पळापळ चाललेली. सीडी निघाल्यावर लक्षात आलं. मग म्हटलं, जाऊ दे, कोण बघतंय."

डॉक्टर आधी गोंधळला, मग हसत सुटला. ही हकिकत त्यानं फोरमवर लिहिली आणि लोकांना तो नकाशा आणखीच आवडला. राहून गेलं ते किती बरं झालं, असं जो तो लिहू लागला. एकानं तर लिहिलं की खरं मोठेपण असंच नकळत घडतं. थोरलीनं मला ते फोनवर वाचून दाखवलं. "मी अकरा नकाशे घासूनपुसून केले. हिनं काम अर्धवट टाकलं, आणि आता अर्धवटपणालाच मोठेपण म्हणतात."

मी म्हटलं, "वहिनी, ती तुमच्या उशाशी बसली होती म्हणून राहिलं ते."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "विसरले असते तर बरं झालं असतं. तेवढा तरी राग मोकळेपणानं करता आला असता."

डॉक्टरकडच्या सीडीवर चरे पडले होते आणि बारावा नकाशा तिच्यावरून नीट उघडत नव्हता. मूळ फाइली त्याला हव्या होत्या. धाकटीकडे त्या असण्याचा प्रश्नच नव्हता. ती कालचं वर्तमानपत्रही सांभाळत नाही. थोरलीकडे क्लासातला एक जुना कॉम्प्युटर कापडानं झाकून ठेवलेला होता. चालू करून बघते आणि पाठवते, असं तिनं कबूल केलं.

तो चालू झाला. खरखरला, थांबला, पुन्हा खरखरला, पण चालू झाला. बारा फाइली ओळीनं होत्या. तिनं बारावी उघडली. 'शेजार' तिनं कधी आतून पाहिलाच नव्हता. शत्रूच्या हुकमांचा रकाना कोरा. नदीही कशीतरीच ओढलेली, एका ठिकाणी चक्क टेकडी चढून जाणारी.

थोरलीनं नदी सरळ केली. पूल जिथे पात्र अरुंद होतं तिथे नेला. मग शत्रूचे हुकूम भरले. पहिला हल्ला लवकर, दुसरा मोठा, तिसरा मागच्या जंगलातून. तिच्या बाकीच्या अकरांसारखाच तिनं तो नकाशा नेटका करून टाकला आणि बाराही फाइली डॉक्टरला पाठवून दिल्या. नंतर मी विचारलं की पाठवताना काय वाटलं, तर म्हणाली, "बरं वाटलं. भिंतीवरची वाकडी तसबीर सरळ केल्यासारखं. मी वाईट करतेय हे कळत होतं, तरी बरं वाटलं."

डॉक्टरनं तो पॅक आधी थोड्या लोकांना खेळून पाहायला दिला, आणि तक्रारी यायला लागल्या. हा आमचा शेजार नाही. पुलावर पहारा बसवायच्या आत पलीकडून टोळधाड येते. पूलही जागेवर नाही. काही जण म्हणाले, लहानपणच्या आठवणी अशाच असतात, आपणच मनानं रंगवलं असेल. तेवढ्यात एका निवृत्त टपाल्याकडे न उघडलेली एक सीडी निघाली. तिच्यावरचा नकाशा आणि हा, दोन्ही शेजारी लावून पाहिल्यावर बोलायला काही उरलं नाही. हात दाखवून अवलक्षण, ते हे.

डॉक्टरनं धाकटीला फोन केला तेव्हा थोरली वर होती. दोघी वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या. धाकटीचे हात गुंतलेले, म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला होता. डॉक्टर अवघडून बोलत होता. कुणीतरी फाइलीत फेरफार केलेत, आपल्याला काही कल्पना आहे का, असं त्यानं विचारलं.

धाकटीनं थोरलीकडे पाहिलं नाही. चादरीचं टोक धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मीच केले हो. अर्धवट राहिलेलं मनाला खात होतं, म्हणून पुरं केलं. तुम्हाला आवडलं नसेल तर जुनंच ठेवा."

डॉक्टरनं सुटकेचा श्वास सोडला, जुनंच ठेवतो म्हणाला आणि फोन ठेवला. धाकटीनं चादरीची पुढची घडी घातली.

मला वाटलं होतं, थोरलीला इथे भरून आलं असेल. तिनंच मला सांगितलं, तसं काही झालं नाही. उलट तिला रागच आला. नकाशा हिचा चांगला, हसणं हिचं चांगलं, आणि आता चांगुलपणातही हीच पुढे. म्हणजे चूक करायची मी आणि मोठं व्हायचं हिनं! तिनं हातातली चादर पलंगावर टाकली, खाली आली, डॉक्टरचा नंबर शोधला आणि त्याला सांगितलं की ते फेरफार मी केले. धाकटी खोटं बोलली. पश्चात्तापानं नाही. त्या मोठेपणाखाली तिला राहायचं नव्हतं, एवढंच.

डॉक्टर भला माणूस. तो म्हणाला, तुमचा नकाशाही वाया घालवायला नको, तेरावा म्हणून तुमच्या नावानं देऊ. थोरलीनं क्षणभर विचार केला आणि नको म्हणाली. "तो वाईट आहे. मी खेळून पाहिलाय."

मग ती पुन्हा वर गेली. घड्या घातलेल्या चादरींची चळत वेडीवाकडी रचलेली होती. ती नीट रचता रचता ती म्हणाली, "त्याला खरं काय ते सांगून आले. आणि एक तुलाही सांगायचंय. मला तुझा हेवा वाटतो. तू या घरात आलीस तेव्हापासून."

"माहीत आहे, ताई," धाकटी म्हणाली.

"माहीत आहे?"

"आल्यापासूनच माहीत आहे."

थोरली थांबली. तिला काय ऐकायचं होतं ते मला ठाऊक आहे. तिला ऐकायचं होतं की मलाही तुमचा वाटतो. तुमच्या हाताचा, तुमच्या फडताळाचा, तुमच्या सरळ रेघेचा. तिनं ते विचारलंसुद्धा. "आणि तुला? माझा कधी?"

धाकटी या वेळी हसली नाही. मग म्हणाली, "नाही वाटला. खोटं सांगता आलं असतं, पण तुम्हाला कळलं असतं. मला तुम्ही आवडायचात, बास. ते तुम्हाला जास्त लागेल म्हणून कधी बोलले नाही."

ते लागलंच. थोरली म्हणते, काविळीत तोंड कडू व्हायचं तसं झालं. पण त्यासोबत एक गोष्ट तिच्या ध्यानात आली की इतक्या वर्षांत ही आपल्याला ओळखून होती आणि तरी रोज जिन्यावरून हाक मारत होती. त्याचं काय करायचं ते तिला कळेना. ती म्हणाली, "चादरी अशा रचतात का?" आणि धाकटी म्हणाली, "मला नाही येत. तुम्हीच रचा."

पॅक जुन्या 'शेजार'सह सगळ्यांपर्यंत पोचला. आता त्यावर पूर्वीपेक्षा जास्त लिहिलं जातं, अजूनही बहुतेक बाराव्यावरच. दलदलीच्या नकाशावर मधे एकानं चार ओळी लिहिल्या, की इथे पाणी खरंच पाण्यासारखं वाहतं. थोरलीनं त्या मला दोनदा वाचून दाखवल्या आणि तिसऱ्यांदा वाचताना पकडली गेली.

परवा दुपारी मी गेले तेव्हा ती एकटीच नव्या कॉम्प्युटरसमोर बसली होती. 'शेजार' खेळत होती, खरा, वाकड्या नदीचा. मी मागे खुर्ची ओढून बसले. तिनं गाव वसवलं होतं, घरं एका रेषेत, शेतं चौकोनी. तट बांधला नव्हता. पलीकडे ती इवली माणसं लाकडं तोडत होती, घरं बांधत होती. बराच वेळ ती नुसती बघत राहिली. मला वाटलं, आता ती डाव तसाच ठेवून उठेल, त्या फोरमवरच्या माणसासारखी.

तिनं सगळं सैन्य गोळा केलं आणि पूल ओलांडला. कुणी सामना करायलाच नव्हतं. एकेक घर जाळलं, शेवटची झोपडी जंगलाच्या कडेला लपलेली होती, तीही शोधून काढली. पडद्यावर तुतारी वाजली, तुम्ही जिंकलात.

"लाज वाटली का?" मी विचारलं.

"मुळीच नाही," ती म्हणाली. मग मान जराशी कलती करून पडद्याकडे बघत राहिली. "चांगला आहे गं पण. मेलीनं चांगला केलाय."

वरून धाकटीनं चहाला हाक मारली. थोरलीनं कॉम्प्युटर रीतसर बंद केला, त्यावर कापड घातलं, आणि आम्ही वर गेलो.